वही जप्त झाली तर? लोकमान्य टिळक, मंडालेची पेन्सिल आणि आपला कीबोर्ड

गेल्या जुलैमध्ये मी घरी, कोळवणला होतो. पौडवरून आत वळलं की भातखाचरं सुरू होतात आणि पावसाचा जोर वाढला की वीज आणि नेटवर्क, दोन्हीचा भरवसा संपतो. कंपनीसाठी एका सिस्टीमचं डिझाइन डॉक्युमेंट लिहीत होतो. सहा पानं झाली होती. एका टॅबमध्ये ऑनलाइन एडिटर, दुसऱ्यात एआय सहायक, आणि बाजूला संदर्भाचे दहा-बारा टॅब. दुपारी वीज गेली, थोड्या वेळाने मोबाईलची रेंजही गेली.

वडिलांनी सहज विचारलं, काय लिहितोयस एवढं? मी सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला अडकलो. तीन पर्यायांपैकी दुसरा का निवडला, हे मी लिहिलेलं होतं. निदान माझ्या नावाच्या फाइलमध्ये ते होतं. पण माझ्या डोक्यात ते नव्हतं. नेट येईपर्यंत मला माझंच लिखाण सांगता येईना.

संध्याकाळी उजेड होता तोवर घरातलं जुनं, जाडजूड गीतारहस्य काढलं. ग्रंथ काही वाचून झाला नाही, प्रस्तावना मात्र पूर्ण वाचली. हा ग्रंथ कुठल्या परिस्थितीत आणि कुठल्या साधनांनी लिहिला, ते तिथे टिळकांनी सांगितलंय. ते वाचताना वाटलं की या माणसाचं चरित्र आपण राजकारणाच्या बाजूने शंभरदा ऐकलं, पण लिहिण्याच्या साधनांच्या बाजूने कधीच बघितलं नाही. आजच्या लेखात ते करू. साधन बदललं की विचार करण्याची पद्धत कशी बदलते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरं मला माहीत नाही.

एका शब्दाची तीन रूपं

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. संस्कृत आणि गणित हे दोन्ही विषय मुलाला घरातूनच मिळाले. १८६६ मध्ये कुटुंब पुण्याला आलं. लहानपणी टिळक गणितं पाटीवर न मांडता तोंडीच सोडवायचे असं सांगतात.

शाळेतली एक गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असेल. शुद्धलेखनात एकच शब्द तीनदा आला आणि टिळकांनी तो तीन प्रकारे लिहिला: संत, सन्त आणि सन्‌त. मास्तरांनी एकच बरोबर धरला, आणि हा मुलगा तिन्ही बरोबर आहेत म्हणून अडून बसला. गोष्टीत अलंकार किती आणि वस्तुस्थिती किती हे बाजूला ठेवू. आपल्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे.

संगणकाच्या नजरेने हे तीन शब्द बघा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक असतो. संत म्हणजे स, अनुस्वार, त. तीन क्रमांक. सन्त म्हणजे स, न, हलंत, त. चार क्रमांक. सन्‌त लिहिताना हलंतानंतर एक न दिसणारं चिन्ह घालावं लागतं, ज्याला झीरो विड्थ नॉन-जॉइनर म्हणतात. ते फॉन्टला सांगतं की इथे जोडाक्षर करू नकोस. म्हणजे पाच क्रमांक. उच्चार एक, अर्थ एक, पण मशीनसाठी तीन वेगळे शब्द. साध्या शोधात एक टाकला तर बाकीचे दोन सापडतीलच असं नाही.

आता फोनच्या कीबोर्डवर हा शब्द टाइप करायला घ्या. सुचवण्यांच्या पट्टीत बहुधा फक्त संत येईल. मशीन चूक करत नाही, ते सगळ्यात जास्त वापरलेलं रूप पुढे करतं. पण रोज एकच पर्याय समोर आला की बाकीचे दोन आहेत हेच विसरायला होतं. मास्तरांशी भांडता तरी येत होतं. सुचवण्यांच्या पट्टीशी कोणी भांडत नाही, आपण फक्त टॅप करतो.

आधी प्रश्न, मग ३८ वर्षं

१८७२ मध्ये गंगाधरपंत शेवटच्या आजारात होते. त्यांना गीतेवरची एक प्राकृत टीका वाचून दाखवण्याचं काम १६ वर्षांच्या टिळकांकडे आलं. गीतेशी त्यांची ती पहिली ओळख, आणि तिथेच प्रश्न मनात बसला. युद्धाला तयार नसलेल्या अर्जुनाला लढायला लावणाऱ्या ग्रंथात संन्यासाचा आणि भक्तीचा उपदेश कशाला? गीता शेवटी काय कर म्हणते?

ग्रंथ लिहायला घेतला १९१० मध्ये. मधली ३८ वर्षं हा प्रश्न डोक्यात चालू होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे पेन्सिलीचं कौतुक येणार आहे, आणि सगळं श्रेय पेन्सिलीला द्यायचं नाहीये.

छापखाना आणि सांगून लिहवणं

डेक्कन कॉलेजातून गणितात पदवी आणि नंतर कायद्याची पदवी घेऊन टिळकांनी मित्रांबरोबर जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुढच्याच जानेवारीत, १८८१ मध्ये, इंग्रजी मराठा आणि मराठी केसरी सुरू झाले. पहिली काही वर्षं केसरीचे संपादक आगरकर होते. नंतर दोघांत मतभेद झाले आणि १८८७ मध्ये केसरी टिळकांकडे आला.

केसरी साप्ताहिक होता, मंगळवारी निघायचा. टिळक अग्रलेख बहुधा लेखनिकाला सांगून लिहवून घ्यायचे. आजच्या भाषेत, व्हॉइस टायपिंग. फरक एवढाच की समोर माणूस होता. पुढे विचारांचं ओझं असलं तरी वाक्य बोलून पूर्ण करायचं, मागे जाऊन खोडाखोड कमी, आणि ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. केसरीच्या अग्रलेखांत समोरच्याशी वाद घालतोय असा सूर का लागतो, याचं एक कारण मला तरी हे वाटतं. तो मजकूर जन्मालाच बोलला गेलेला आहे.

याच सुमारास युरोपात एक वेगळा प्रयोग झाला. जर्मन तत्त्ववेत्ता नीत्शे याची नजर अधू झाली होती. १८८२ मध्ये त्याने डेन्मार्कच्या मॅलिंग-हॅन्सन यांचं टाइपरायटरसारखं यंत्र मागवलं. अर्धगोल, त्यावर काट्यांसारख्या कळा. यंत्र काही आठवडेच नीट चाललं. पण आपलं लिहिण्याचं साधन आपल्या विचारांत वाटेकरी होतं, अशा अर्थाची नोंद त्याने एका पत्रात केली. पुढच्या काही अभ्यासकांना त्याच्या लेखनात तेव्हापासून लांब युक्तिवादाच्या जागी तुटक, सूत्रासारखी वाक्यं वाढलेली दिसतात. म्हणजे हा प्रश्न चॅटबॉटच्या काळातला नाही. तो टाइपरायटरइतका जुना आहे.

खिळ्यांचा हिशेब

टिळक यंत्राला घाबरणारे नव्हते. उलट देवनागरी छपाई वेगाने कशी होईल यात त्यांनी बरंच डोकं घातलं. तेव्हा प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक सुटा खिळा. इंग्रजीचं काम थोड्या खिळ्यांत होतं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि शेकडो जोडाक्षरं. जुळाऱ्यासमोर खिळ्यांचे काही शे प्रकार मांडलेले असायचे आणि त्याचा हात या कप्प्यातून त्या कप्प्यात फिरत राहायचा. अक्षरजुळणीची नवी यंत्रं युरोपात आली होती, पण इतकी अक्षरं त्यांच्या कळफलकावर बसणंच शक्य नव्हतं.

१९०४ च्या सुमारास टिळकांनी यावर काम सुरू केलं आणि अक्षरांचे तुकडे हुशारीने वापरून संख्या १९० च्या आसपास आणणारा आराखडा तयार केला. टिळक टाइप म्हणून तो ओळखला जातो. डिसेंबर १९०५ मध्ये काशीला नागरी प्रचारिणी सभेच्या परिषदेत त्यांनी देशासाठी एका समान लिपीची बाजूही मांडली.

प्रोग्रामरला ही कल्पना लगेच कळेल. प्रत्येक जोडाक्षर वेगळं साठवायचं नाही, तुकडे साठवायचे आणि जोडणी नियमाने करायची. युनिकोडने पुढे हेच केलं. देवनागरीच्या मुख्य कोष्टकात जागा आहेत १२८. क्ष किंवा त्र तिथे वेगळे नाहीत, हलंत आणि फॉन्ट मिळून ते तयार करतात. आज आपण मराठी टाइप करतो तेव्हा जुळाऱ्याचा तो फिरणारा हात फॉन्टच्या आत फिरत असतो.

तुरुंग क्रमांक एक: मोजकी पुस्तकं

१८९७ मध्ये केसरीतल्या लिखाणाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि १८ महिन्यांची शिक्षा लागली. सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले. या काळात मॅक्स म्युलर यांनी संपादित केलेली ऋग्वेदाची आवृत्ती त्यांच्या हाती आली. ती खुद्द म्युलर यांनीच पाठवली होती. संपादकाला एरवी कधीच न मिळणारी सलग फुरसत आणि समोर एकच मोठा ग्रंथ. या वाचनाचा उपयोग पुढे १९०३ मध्ये आलेल्या आर्क्टिक होम इन द वेदाज या पुस्तकाला झाला. आर्यांचं मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं हा त्यातला सिद्धांत आज विद्वान मानत नाहीत. म्हणजे खोल वाचन केलं की उत्तर बरोबरच येतं असंही नाही. पण एका ग्रंथात इतकं बुडून जाणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

मंडाले: पानं मोजलेली वही

१९०८ मध्ये दुसरा खटला झाला. १२ मे आणि ९ जूनच्या केसरीतले अग्रलेख हे कारण होतं. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि काही दिवस मिळून २१ तासांहून जास्त बोलले. २२ जुलैला शिक्षा झाली, सहा वर्षांची. साबरमतीहून त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला नेलं. वय ५२, मधुमेह, लाकडी फळ्यांची खोली, कडक ऊन आणि तितकीच बोचरी थंडी. पत्रं मोजकी आणि तपासून.

इथे लिहिण्या-वाचण्याचे नियम काय होते, ते एका अभियंत्याच्या नजरेने बघण्यासारखं आहे.

पुस्तकं पुण्याहून मागवता येत, पण सुरुवातीला एका वेळी जवळ चारच ठेवायची. टिळकांनी ब्रह्मदेश सरकारकडे तक्रार केल्यावर ही अट गेली. परत निघताना त्यांच्याजवळ साडेतीनशे ते चारशे पुस्तकं झाली होती. त्यातली काही वाचता यावीत म्हणून त्यांनी तिथेच जर्मन, फ्रेंच आणि पाली शिकून घेतली.

कागद सुटा मिळायचा नाही. बांधलेल्या वह्या मिळायच्या, पानं मोजलेली आणि दोन्ही बाजूंना क्रमांक टाकलेले. शाई नाही. फक्त शिसपेन्सिली, त्याही छिलून दिलेल्या.

डेटाबेसमध्ये काम केलं असेल तर ही रचना ओळखीची वाटेल. तिला अपेंड-ओन्ली लॉग म्हणतात. नोंदी क्रमाने पुढे पुढे वाढत जातात, प्रत्येकीला क्रमांक असतो, मधली नोंद गुपचूप काढता येत नाही. बँकेच्या व्यवहारांची नोंद साधारण याच तत्त्वावर चालते. तुरुंगालाही तेच हवं होतं: एकही पान हिशेबाबाहेर जाता कामा नये.

पण हाच नियम लेखकाच्या डोक्यात काय करतो बघा. सुटे कागद असते तर प्रकरण लिहून, ते उचलून दोन प्रकरणं आधी ठेवता आलं असतं. एडिटरमध्ये तर हे कट-पेस्ट इतकं सोपं. बांधलेल्या वहीत ते करायचं म्हणजे सगळं पुन्हा हाताने उतरवायचं. बदलाची किंमत वाढली. आणि जिथे बदल महाग असतो तिथे माणूस आधी ठरवून मग लिहितो. कुठला मुद्दा आधी, कुठला नंतर, कुठल्या आक्षेपाला कुठे उत्तर, हे पान उघडण्याआधी बरंचसं डोक्यात तयार असावं लागतं. पेन्सिलीने शब्द खोडता येतो, ग्रंथाची रचना खोडता येत नाही.

टिळकांनी लिहायला सुरुवात केली २ नोव्हेंबर १९१० रोजी. ३० मार्च १९११ पर्यंत सुमारे ९०० पानांचा मसुदा झाला. हे १४९ दिवस होतात, म्हणजे रोजची सरासरी सहा पानं. पंधरा प्रकरणं, परिशिष्ट, शिवाय श्लोकांचं भाषांतर आणि टिपा. पाच महिने हे लिहिण्याचे. विचार करण्याची वर्षं त्याआधीची, अडतीस.

या तुरुंगाला मी रम्य करू इच्छित नाही. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या आणि टिळक हजार मैलांवर बंदिस्त होते. चांगला ग्रंथ लिहायचा तर असं काही भोगावं लागतं, हे म्हणणं क्रूर आहे. तुटवड्यामुळे नुकसानही झालं. जी पुस्तकं तिथे मिळाली नाहीत त्यांच्यामुळे काही जागा अपुऱ्या राहिल्या आणि त्या सुटकेनंतर भराव्या लागल्या. इंटरनेट असतं तर हे काम एका दुपारचं होतं.

वह्या सरकारकडे, ग्रंथ डोक्यात

जून १९१४ मध्ये मध्यरात्री टिळकांना पुण्यात घरी आणून सोडलं. वह्या मात्र सरकारने ठेवून घेतल्या. दिवस जात होते आणि लोकांना वाटू लागलं की सरकार त्या परत देणार नाही. टिळकांना फारशी चिंता नव्हती. वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, सिंहगडावरच्या बंगल्यात निवांत बसून पुन्हा लिहून काढू, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे वह्या परत मिळाल्या आणि जून १९१५ मध्ये गीतारहस्य छापून आलं. पुन्हा लिहायची वेळ आली नाही. पण त्यांना तो भरवसा वाटला, हीच या चरित्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. कागदावरची प्रत ही त्यांच्यासाठी बॅकअप होती. मूळ प्रत आत होती.

आपलं उलट झालंय. मूळ प्रत क्लाउडवर, आणि डोक्यात फक्त लिंक.

यावर २०११ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक प्रसिद्ध अभ्यास आला. बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि डॅनियल वेगनर यांचा. माहिती नंतर संगणकावर सापडणार आहे असं वाटलं की माणसं ती कमी लक्षात ठेवतात, कुठे ठेवली ते मात्र जास्त लक्षात ठेवतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याला गूगल इफेक्ट म्हणतात. पण त्याच अभ्यासातला एक प्रयोग २०१८ मध्ये इतर संशोधकांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा निकाल आला नाही. त्यामुळे इंटरनेटने मेंदू बिघडला वगैरे मथळे बघून घाबरू नका. आणि कुठे ठेवलंय ते लक्षात ठेवणं वाईट नाही. टिळकांनाही आपल्या शेकडो पुस्तकांपैकी कशात काय आहे हे लक्षात ठेवावं लागलंच असेल.

माझा मुद्दा आठवणीपेक्षा थोडा वेगळा आहे. संदर्भ बाहेर ठेवला तर चालतं. युक्तिवाद बाहेर ठेवला तर तो आपला राहत नाही. अमुक आकडा कुठल्या पानावर आहे, हे फोनने सांगावं. पण मी हा निष्कर्ष का काढला, हे मला अंधारात, वडिलांसमोर, सांगता यायला हवं. एआय सहायक नेमका हा भाग उचलून नेतो, आणि इतक्या सफाईने की वाक्य वाचताना ते आपल्यालाच सुचलं होतं असं वाटतं.

टिळकांचं १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात निधन झालं. सांगून लिहवणं, शिशाचे खिळे, बांधलेली वही: एका आयुष्यात त्यांनी तिन्ही साधनं वापरली. प्रत्येकाची ताकद वेगळी होती. मंगळवारच्या अंकाला पेन्सिल चालली नसती, आणि गीतारहस्य सांगून लिहवलं असतं तर ते असंच झालं असतं का, शंका आहे.

करून बघा: वही जप्त चाचणी

लॅपटॉप फेकायची गरज नाही. मी गेले काही महिने एवढंच करतोय, तुम्हीही करून बघा.

१. काहीही मोठं लिहायच्या आधी एक पान हाताने. साधी वही, नेट बंद. मुद्दे फक्त क्रमाने लिहायचे. क्रम बदलावासा वाटला तर पान पुन्हा लिहायचं. हा त्रास मुद्दाम ठेवलाय.

२. मग एडिटर, शोध, एआय सगळं वापरा. आकडे तपासा, चुका शोधा, वाक्यं सुधारा.

३. शेवटी फाइल बंद करा आणि स्वतःला विचारा: आता ही जप्त झाली, तर मी पुन्हा लिहू शकेन का? शब्द नाही, युक्तिवाद. कोणाला तरी तोंडी सांगून बघा. जिथे अडकाल, तेवढा भाग अजून तुमचा नाही.

कोळवणला त्या रात्री उशिरा वीज आली. रेंज आल्यावर मी डॉक्युमेंट उघडलं आणि दुसऱ्या पर्यायाचा परिच्छेद वाचला. भाषा छान होती, पण कारण पटलं नाही. सकाळी वहीत पुन्हा मांडलं, तेव्हा तिसरा पर्याय बरोबर निघाला. मग चहा घेताना वडिलांना तो समजावून सांगितला. या वेळी अडकलो नाही. त्यांनी दोन प्रश्न विचारले, त्यातला एक डॉक्युमेंटमध्ये घालावा लागला.